साडेतीनची पहाट

घड्याळात साडेतीन, अंगात पाच.
अंग अजून सांगलीचंच ऐकतं:
ऊठ, आधण ठेव, दूध आत घे.
इथे आधण ठेवायला काही नाही.
छतातून थंड वारा,
आणि पुढचं विमान दुपारी दोनला.

खाली काउंटरवरच्या मुलीला विचारलं, फिरायला कुठे जाऊ?
म्हणाली, मॉल दहाला उघडतो.
मॉल नको गं, झाडं.
तिने नकाशावर एक हिरवा चौकोन दाखवला,
अबू धाबीच्या पोटात, रुमालाएवढा.

रुमाल कसला!
अर्धा तास चालले तरी पलीकडचं टोक दिसेना.
दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हाच चष्मा पांढरा झाला होता,
ऑगस्टची हवा तोंडावर
ओल्या फडक्यासारखी.
पुसला, परत धुरकट. पुसला, परत.
शेवटी ओढणीत गुंडाळला
आणि अंधुकच बघत निघाले.

अंधुक गवत. अंधुक दिवे.
पांढऱ्या पायघोळ कपड्यातले एक आजोबा, बोटांत माळ,
माझ्याकडे न बघता मला वाट देणारे.
दोघी नर्सबाया, बूट हातात घेऊन गवतावरून,
रात्रपाळी पायांतून उतरवत.
साळुंक्या मात्र स्पष्ट.
भांडत होत्या, अगदी आमच्या गल्लीतल्या सुरात.

मातीत काळ्या नळ्या, प्रत्येक झाडाला
मोजून थेंब.

पस्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी झाडं वर्तमानपत्रात दाबली.
नाव सर सांगायचे, चिठ्ठी मी चिकटवायची.
त्यामुळे हे झाड मी आधी हाताने ओळखलं.
बारीक पानं, दोन्ही बाजूंना,
आणि काटा: छोटा, रुंद बुडाचा,
लागला तेव्हा खात्रीच झाली.
अगं बाई, शमी.
मोठ्यानेच म्हणाले.

“जम्मी,” मागून कुणीतरी म्हणालं.
“हितं घाफ म्हनतेत.”

पोशट्टी, बिलोलीकडचा.
कमरेला कात्री, मानेला ओला पंचा.
झाडाच्या आडव्या फांदीला त्याची पिशवी:
डबा, बदलायचा शर्ट,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन.

शस्त्रं ठेवायचं झाड हे, मी म्हटलं. ठेवलीस बघ बरोबर.
तो हसला.
“त्यो अज्ञातवास एकच वर्साचा होता, बाई.
माझं अकरावं चालू हाय.”

यावर काय बोलायचं असतं?
मी विचारलं, दसऱ्याला काय करता इथे?
“काय करनार, ड्युटी.
पडलेली पानं गोळा करतो, तोडलं तर दंड हाय.
खोलीत वाटतो. आमच्याकडं हेच सोनं.
गेल्या साली मुकादमालाबी दिलं, बांगलादेशी हाय.
त्यानं काय हाय म्हनून इचारलं नाही.
खिशात ठेवलं.”

मग इकडेतिकडे बघून वाकला,
खालची एक डहाळी उचलली, झटकली,
दोन महिने आधीच माझ्या हातावर ठेवली.
आमच्याकडे आपटा देतात, असं सांगणार होते.
नाही सांगितलं.
चष्म्याची डबी रिकामीच होती, तिच्यात ठेवली.

(दुसऱ्या दिवशी टोरांटोत एका कागदाने विचारलं:
झाडं, बिया, माती, काही आणलंय?
मी ‘नाही’वर खूण केली.
उभ्या जन्मात सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं.)

चष्मा घातला.
आता काच आणि हवा सारख्याच गरम,
सगळं लख्ख:
इमारतींच्या कडा, नळीच्या तोंडाशी अडकलेला थेंब,
त्याच्या हनुवटीवरची पांढरी खुटं.

“गावाकडं किती वाजले असतील?” त्याने विचारलं.
त्याला माहीत होतं. अकरा वर्षं
त्याने दुसरं काय मोजलं असेल?
तरी मी हातातलं घड्याळ बघितलं,
बोटांवर दीड तास मिळवला, सावकाश,
आणि म्हणाले, सव्वासात.

“हां,” तो म्हणाला. “नळाला पानी आलं असंल.”